टाकीतला बुडबुडा : अल्ट्रासॉनिक कॅव्हिटेशन कसं चालतं आणि कुठे कामाला येतं

नादबिंदू

प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करणं हा माझा रोजचा उद्योग. त्यातला अल्ट्रासॉनिक क्लीनर, म्हणजे स्टीलच्या टाकीत पाणी भरून सुटे भाग साफ करणारं यंत्र, आठवड्यातून दोन-तीनदा तरी उघडावं लागतं. वापरणाऱ्यांशी बोलताना एक समजूत पुन्हा पुन्हा भेटते : "आवाजाने वस्तू थरथरते आणि मळ झडतो." यंत्र चुकीचं वापरलं जातं ते बहुतेक या समजुतीमुळेच. मळ काढतो तो बुडबुडा. आवाज फक्त त्याला जन्माला घालतो आणि मारतो. द्रवात दाब घसरून असे बुडबुडे होणं आणि मिटणं, यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुड्याचं आयुष्य एकदा कळलं की पाणी किती गरम हवं, वस्तू कुठे ठेवायची, यंत्र आधी रिकामं का चालवायचं, हे सगळं आपोआप कळतं. म्हणून हा धागा.

ध्वनी म्हणजे दाबाची चढउतार. टाकी ४० किलोहर्ट्झची असेल तर पाणी सेकंदाला ४०,००० वेळा दाबलं जातं आणि तितक्याच वेळा सैल होतं. दाबणं-सोडणं अशी एक फेरी २५ मायक्रोसेकंदांत संपते. आपल्या पाण्यावर वातावरणाचा दाब असतोच, साधारण १०१ किलोपास्कल. लहरीचा चढउतार त्याहून मोठा झाला, की सैल होण्याच्या अर्ध्या फेरीत दाब शून्याच्याही खाली जातो. म्हणजे पाणी अक्षरशः ताणलं जातं, रबर ओढावं तसं. एवढा चढउतार निर्माण करायला ध्वनीची तीव्रता किती लागते? गणित केलं तर दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम एक तृतीयांश वॉट. मी पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा दशांशचिन्ह चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं होतं.

पाणी तुटायला तसं फार कठीण. निव्वळ शुद्ध पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की सिद्धांतानुसार ते तोडायला हजारभर वातावरणांची ओढ लागावी. पण आपल्या पाण्यात धूळ असते, धुळीच्या कणांना भेगा असतात, आणि त्या भेगांत हवेचा अंश दडलेला असतो. टाकीच्या भिंतीवरच्या ओरखड्यांतही असतो. पाणी तिथे तुटतं. हे बुडबुड्याचं बीज.

पुढे गंमत अशी, की ते बीज प्रत्येक फेरीत थोडं थोडं वाढतं. फुगलेलं असताना त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून आजूबाजूच्या पाण्यात विरघळलेली हवा आत जास्त शिरते. आकसलेलं असताना पृष्ठभाग लहान, म्हणून बाहेर कमी जाते. शिल्लक आतच राहते. असं करत करत तो एका ठरावीक मापाला पोचला की लहरीशी त्याचा ताल जुळतो. १९३३ साली डच शास्त्रज्ञ मिनार्ट यांनी या मापाचं सूत्र मांडलं : १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात साधारण ३.३ किलोहर्ट्झला झंकारतो. त्याच हिशेबाने ४० किलोहर्ट्झला जुळणाऱ्या बुडबुड्याची त्रिज्या ०.०८ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या आसपास. ताल जुळला की तो एका ओढीत मोठा फुगतो, आणि पुढच्या दाबाच्या फेरीत चारी बाजूंचं पाणी त्याच्यावर कोसळतं.

हे कोसळणं किती वेगाने होतं? ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १९१७ मध्ये गणित केलं. त्यांना आधी कुतूहल होतं ते किटलीतलं पाणी उकळी फुटायच्या आधी सूं-सूं करतं त्याचं. मग टर्बाइनवाले पार्सन्स जहाजाच्या पंख्यापायी याच प्रश्नाशी झगडताहेत असं त्यांना कळलं. त्यांचं सूत्र वापरलं तर ०.१ मिलिमीटर त्रिज्येची रिकामी पोकळी ९ मायक्रोसेकंदांत मिटते. आपली अर्धी फेरी साडेबारा मायक्रोसेकंदांची. म्हणजे दाबाची ती अर्धी फेरी पुरी व्हायच्या आत खेळ संपतो.

मिटताना आत अडकलेली वाफ आणि हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की उष्णतेला बाहेर पडायला सवड मिळत नाही. आतलं तापमान ५००० केल्विनच्या घरात जातं, दाब शेकडो ते हजार वातावरणांपर्यंत. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्विनचा आहे, त्यावरून अंदाज घ्या. आणि बाहेरच्या पाण्याला याचा पत्ताही नसतो, कारण ही जागा सुईच्या टोकाहून लहान आणि वेळ मायक्रोसेकंदाहूनही कमी.

आता सफाईकडे. पाण्याच्या मधोमध बुडबुडा गोल मिटतो. पण एका बाजूला घन पृष्ठभाग असेल तर त्या बाजूने पाणी यायला अडथळा होतो. समोरची बाजू आधी आत घुसते, बुडबुड्याला आरपार भोक पडतं, आणि पाण्याची बारीक पिचकारी थेट त्या पृष्ठभागावर आदळते. वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास. शिवाय मिटण्याच्या क्षणी निघणारा आघात-तरंग वेगळा, आणि न फुटता नुसतेच थरथरत भेगांमध्ये शिरणारे लहान बुडबुडे वेगळे. सफाईचं श्रेय एकट्या पिचकारीला देण्याची पद्धत आहे, मला ती पटत नाही. आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या भोकातला मळ निघतो तो बराचसा या शिरकाव करणाऱ्या बुडबुड्यांमुळे.

प्रश्न असतील तर विचारा. माझ्या हाताखालून गेलेल्या टाक्यांबद्दल जे माहीत आहे ते नक्की सांगेन.

लेथवाला

फार वेळेवर धागा काढलात. माझ्याकडे ४० किलोहर्ट्झची टाकी आहे. लेथवरून उतरलेले सुटे भाग, त्यावर कटिंग ऑइल आणि बफिंगची पेस्ट. पूर्वी पाच मिनिटांत लख्ख व्हायचे. आता अर्धा तास ठेवले तरी खोबणीत काळं तसंच. आवाज येतो, पाणी थरथरतं, हीटर चालतो. पाणी बदललं, साबण बदलला. यंत्र म्हातारं झालं म्हणायचं का?

नादबिंदू

लेथवाले, एवढ्यात निकाल लावू नका. आधी तीन गोष्टी सांगा. ताजं पाणी भरल्यावर भाग लगेच टाकता का? पाणी किती गरम ठेवता? आणि भाग तळाला टेकलेले असतात की जाळीत लटकवलेले?

लेथवाला

लगेच टाकतो. हीटर पूर्ण, ८०-८५ पर्यंत. मला वाटलं जितकं गरम तितकं तेल लवकर सुटेल. जाळी मोडली तेव्हापासून तळालाच ठेवतो.

प्राजक्ती

एक बाळबोध शंका. पाणी उकळतं तेव्हाही बुडबुडेच होतात. मग उकळत्या पाण्यात भांडं ठेवलं तरी तेच व्हायला हवं ना?

नादबिंदू

प्राजक्ती, शंका बाळबोध नाही. लेथवाल्यांचं उत्तरही तिच्यातच आहे, म्हणून दोघांना एकत्रच सांगतो.

उकळताना आपण उष्णता देऊन वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतका वाढवतो. कॅव्हिटेशनमध्ये उलट, बाहेरचा दाबच खाली ओढतो. दोन्हीकडे पोकळी होते, पण मिटताना फरक पडतो. २० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब २.३ किलोपास्कल असतो, म्हणजे पोकळी जवळपास रिकामी. रिकामी पोकळी मिटताना कोणी अडवत नाही, म्हणून ती खाडकन बंद होते. ६० अंशांना हा दाब २० किलोपास्कल होतो आणि १०० अंशांना वातावरणाइतकाच. आत वाफ भरलेली असली की ती उशीसारखं काम करते, बुडबुडा हळुवार मिटतो आणि पिचकारीत जोर राहत नाही. ८५ अंशांवर टाकीत बुडबुडे भरपूर दिसतील, पण ते दुबळे असतील.

मग थंड पाणीच चांगलं का? निव्वळ धक्क्याच्या जोरासाठी हो. पण तेल मऊ व्हायला आणि साबणाला काम करायला ऊब लागते. या ओढाताणीतून पाण्याच्या टाकीसाठी ५० ते ६० अंशांचा पट्टा निघतो. लेथवाले, हीटर ५५ वर आणा.

दुसरं, ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ती बुडबुड्यात शिरली की तीही उशीच. शिवाय मोठे झालेले हवेचे बुडबुडे टाकीभर तरंगत आवाज शोषून घेतात. म्हणून पाणी भरलं की साबण घालून, वस्तू न टाकता, टाकी १०-१५ मिनिटं नुसती चालवायची. हवा निघून जाते. कान देऊन ऐका : सुरुवातीला आवाज भरलेला, घोगरा असतो. हवा निघत गेली की त्यात तडतड येते, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. ती तडतड म्हणजे बुडबुडे खरोखर फुटू लागले. मी तर मीटर काढायच्या आधी कानानेच ओळखतो.

तिसरं, तळाला काहीही ठेवू नका. लहर तळातूनच निघते. वर वजन टेकलं की तळाचं कंपन दबतं, आणि धातूवर धातू घासून टाकीचा पत्रा झिजतो तो वेगळाच. जाळी लावा, तारेने लटकवा, पण अधांतरी ठेवा. आणि गच्च भरू नका. पुढच्या भागाच्या सावलीत मागचा भाग कोरडाच राहतो म्हणा ना.

रसायनी

उत्तम लेख. माझ्या बाजूची भर. ५००० केल्विनला पाण्याचा रेणूही टिकत नाही. वाफ फुटून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे रेणूचे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात, ते एकमेकांना भेटले की हायड्रोजन पेरॉक्साइड. म्हणजे नुसत्या पाण्यात नुसता आवाज सोडून रसायन तयार होतं. १९२७ मध्ये रिचर्ड्स आणि लूमिस यांनी ध्वनीच्या रासायनिक परिणामांवर लिहिलं, तिथून सोनोकेमिस्ट्री सुरू झाली.

हे डोळ्यांनी पाहता येतं. पोटॅशियम आयोडाइडचं रंगहीन द्रावण बीकरमध्ये घेऊन टाकीत धरलं की ते हळूहळू पिवळसर होतं, कारण मूलक आयोडाइडचं आयोडीन करतात. त्यात स्टार्च असेल तर निळं. आणि ल्युमिनॉलचं अल्कलीयुक्त द्रावण असेल तर पूर्ण अंधारात निळसर उजेड दिसतो, तोही सगळीकडे नाही, पट्ट्यापट्ट्यांत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं गेली आणि मग बीकरमध्ये आडव्या निळ्या रेघा उमटल्या. बराच वेळ कोणी दिवा लावला नाही.

एक महत्त्वाचं : रसायनासाठी ४० किलोहर्ट्झ सर्वोत्तम नाही. काही शे किलोहर्ट्झला मूलक जास्त मिळतात, कारण तिथे बुडबुडे लहान पण संख्येने फार. २० किलोहर्ट्झला बुडबुडे मोठे, धक्के जबर, पण रसायन कमी. मारझोड हवी की रसायन, त्यावर वारंवारता ठरते.

नादबिंदू

रसायनी, त्या आडव्या रेघांचा हिशेबही सांगून टाकतो, कारण तो लेथवाल्यांच्या उपयोगाचा आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो. ४० किलोहर्ट्झला लहरीची लांबी ३७ मिलिमीटर. तळातून निघालेली लहर पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरते, दोन्ही मिळून स्थिर लहर होते आणि दर साडेअठरा मिलिमीटरला जोरदार पट्टा, मध्ये शांत पट्टा. चांगल्या यंत्रांत वारंवारता एक-दोन किलोहर्ट्झ सतत इकडेतिकडे हलवत ठेवतात, म्हणजे पट्टे एका जागी राहत नाहीत. साध्या टाकीत आपणच जाळी अधूनमधून वरखाली करायची.

लेथवाले, आता ही परीक्षा करा. ॲल्युमिनियमची पातळ फॉइल घ्या, सुरकुत्या न पाडता. टाकीच्या लांबीइतकी कापा, उभी धरा, तळाला टेकू देऊ नका. पाणी हवा काढलेलं असू द्या. एक मिनिट चालवा आणि उजेडाकडे धरून पाहा. जिथे बुडबुडे फुटले तिथे टाचणीने टोचल्यासारखी भोकं असतील. डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशा तीन फॉइल करा. नंतर पाणी बदला, फॉइलचा चुरा टाकीत राहायला नको.

इतिहासाची_पानं

पार्सन्स यांचा उल्लेख आला म्हणून. कॅव्हिटेशनचा त्रास आधी जहाजांना झाला. ब्रिटिश नौदलाच्या 'डेअरिंग' या विनाशिकेच्या १८९० च्या दशकातल्या चाचण्यांत इंजिन जोर लावत होतं पण वेग मिळत नव्हता. पंख्याच्या पात्यांमागे पाणी तुटून पोकळ्या होत होत्या. कॅव्हिटेशन हा शब्द आर. ई. फ्रूड यांनी सुचवला. पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या टर्बाइनवर चालणाऱ्या बोटीलाही १८९४ मध्ये हेच भोवलं. त्यांनी त्यासाठी पाण्याचा बंदिस्त बोगदा बांधून पोकळ्या प्रत्यक्ष पाहिल्या, एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवले, आणि १८९७ च्या स्पिटहेडच्या नौदल संचलनात ती बोट ३४ नॉटने धावली.

आवाजाने कॅव्हिटेशन करणं नंतरचं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झचा स्फटिक वापरून पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडत होते, तेव्हा त्या झोतात आलेले लहान मासे मरताना दिसले. आज टाकीच्या तळाला जे ट्रान्सड्यूसर, म्हणजे वीज दिली की थरथरून ध्वनी सोडणारे स्फटिकाचे भाग, असतात, त्यांना लांजव्हँ प्रकारचेच म्हणतात.

सूक्ष्मदर्शी

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत टाकीपेक्षा प्रोबवाला सॉनिकेटर जास्त चालतो. टायटॅनियमची कांडी, २० किलोहर्ट्झ, टोक थेट नळीत बुडवायचं. जिवाणूंच्या भिंती फोडून आतली प्रथिनं काढायला याहून सरळ उपाय नाही.

एक अनुभव सांगते, नवख्यांच्या कामी येईल. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी तीन आठवडे खपून मिळवलेला नमुना सलग दोन मिनिटं फोडला. नळी बर्फात ठेवली होती, वाटलं पुरेसं आहे. कांडीचं टोकही जरा वर होतं. नमुना फेसाळून दह्यासारखा झाला आणि हाताला गरम लागला. प्रथिन पूर्ण विरजलं, काही वाचलं नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. तेव्हापासून पाच सेकंद चालू, दहा सेकंद बंद, नळी बर्फात, टोक द्रवात खोल पण तळाला न टेकलेलं. आणि फेस आला की लगेच थांबायचं. फेसात बुडबुडे फुटत नाहीत, नुसतं प्रथिन हवेच्या पृष्ठभागावर पसरून खराब होतं.

कांडीचं टोकही झिजतं. गुळगुळीत धातूवर करडे खड्डे पडतात. तो चुरा नमुन्यात उतरतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

प्राजक्ती

बाप रे, सूक्ष्मदर्शी. आणि आता मला भीती वाटायला लागली. गरोदरपणी सोनोग्राफी करतात, तीही अल्ट्रासाउंडच ना? शरीरातही पाणीच आहे. तिथे बुडबुडे होत नाहीत?

क्ष_किरण

प्राजक्ती ताई, रेडिऑलॉजीत आहे म्हणून उत्तर देतो. काळजी रास्त आहे, आणि यंत्र बनवताना याच गोष्टीचा विचार केलेला असतो.

सोनोग्राफीची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये असते, टाकीच्या शंभरपट. ओढीचा काळ इतका छोटा, की बीजाला फुगायला वेळच मिळत नाही. स्पंद तुटक, एखाद्या मायक्रोसेकंदाचे. शिवाय शरीरातल्या द्रवात नळाच्या पाण्यासारखी हवा धरलेली धूळ नसते. तरीही एक आकडा पडद्यावर सतत दिसत असतो, एमआय, म्हणजे मेकॅनिकल इंडेक्स. ओढीचा सर्वाधिक दाब मेगापास्कलमध्ये घ्यायचा आणि मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेच्या वर्गमुळाने भागायचं. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेची, मर्यादा १.९ आहे, डोळ्यांसाठी त्याहून कितीतरी कमी, ०.२३. फुफ्फुस आणि आतडी यांच्यात मुळातच हवा असते, म्हणून तिथे जास्त जपतो. गर्भाच्या तपासणीत तर गरज आहे तेवढीच तीव्रता आणि तेवढाच वेळ, हा नियमच आहे.

पण जे एरवी टाळायचं, तेच काही ठिकाणी मुद्दाम घडवतात. मूतखडा बाहेरून फोडण्याचं उपचारतंत्र, लिथोट्रिप्सी, १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा रुग्णावर वापरलं. आघात-तरंगाने खड्याला तडे जातात आणि त्यामागोमाग होणारं कॅव्हिटेशन तुकडे आणखी बारीक करतं. त्याहून नवं हिस्टोट्रिप्सी : फार तीव्र आणि फार छोटे स्पंद एका बिंदूवर एकवटून तिथे बुडबुड्यांचा ढग उठवायचा आणि तेवढ्याच जागेतल्या पेशींचा लगदा करायचा. भाजायचं नाही, कापायचं नाही. मिशिगन विद्यापीठात वाढलेल्या या तंत्राला यकृताच्या गाठींसाठी एफडीएने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली. पेशी चिरडल्या जातात पण जाड भिंतीच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा तग धरतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

दंतमंजिरी

दातांचा टार्टर काढतो ते स्केलरही साधारण २५ ते ४० किलोहर्ट्झचं असतं. जाहिरातीत कॅव्हिटेशनचा खूप गवगवा असतो, पण खरं सांगायचं तर खडा निघतो तो मुख्यतः टोकाच्या ठोक्यांनी. पाण्याचं मुख्य काम टोक थंड ठेवणं आणि कचरा वाहून नेणं. टोकाभोवतीचं कॅव्हिटेशन जंतूंचा थर सैल करायला मदत करतं, इतकंच. अवजारं निर्जंतुक करण्याआधी मात्र अल्ट्रासॉनिक टाकीत टाकतो. बिजागरीतलं वाळलेलं रक्त ब्रशने निघत नाही, टाकीत निघतं. टाकीने अवजार स्वच्छ होतं, निर्जंतुक होत नाही. त्यानंतर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, हवंच.

मोतीबिंदूची फेको शस्त्रक्रियाही याच कुळातली. चार्ल्स केल्मन या नेत्रतज्ज्ञांना ती सुचली दातांच्या डॉक्टरकडे अल्ट्रासॉनिक स्केलर पाहून, आणि १९६७ मध्ये त्यांनी ती मांडली.

सागरकिनारा

निसर्गातही आहे हे. पिस्तूल कोळंबी आपला मोठा नांगा इतक्या वेगाने मिटते की पाण्याची धार सुटते आणि तिच्या मागे पोकळी होते. तो 'टक्' आवाज नांग्याचे भाग आपटल्याचा समजत. २००० साली वेगवान कॅमेऱ्याने दिसलं की आवाज पोकळी मिटतानाचा आहे. भक्ष्य त्यानेच गारद होतं. पुढच्या वर्षी त्या पोकळीतून क्षणभर प्रकाशही निघतो हे सापडलं.

नादबिंदू

सागरकिनारा, प्रकाशाचा विषय काढलात, आता मला राहवत नाही.

१९३४ मध्ये फ्रेंझेल आणि शुल्टेस यांना पाण्यात अल्ट्रासाउंड सोडल्यावर फोटोच्या प्लेटवर डाग दिसले. पाण्यातून उजेड निघत होता. त्याला सोनोल्युमिनेसन्स म्हणतात. पण हजारो बुडबुड्यांच्या गोंधळात एकट्याचा अभ्यास कसा करणार? १९८० च्या दशकाच्या अखेरीस फेलिपे गाइटान यांनी एकच बुडबुडा ध्वनीच्या जोरावर फ्लास्कच्या मध्यभागी तरंगत ठेवला आणि तो प्रत्येक फेरीला एकदा, घड्याळासारखा, चमकत राहिला. शांत असताना साधारण ५ मायक्रॉन त्रिज्या, फुगून ५० च्या आसपास, मिटून अर्धा मायक्रॉन. चमक टिकते सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी काळ. ध्वनीची पसरलेली ऊर्जा एका बिंदूत गोळा होताना तिची घनता लाख कोटी पटींनी वाढते. हवेतला १ टक्का आर्गॉन इथे राजा ठरतो : नायट्रोजन-ऑक्सिजन त्या भट्टीत जळून पाण्यात विरघळतात आणि आत मागे उरतो तो निष्क्रिय आर्गॉन.

२००२ मध्ये अशा बुडबुड्यांत अणुसंमीलन झाल्याचा दावाही गाजला होता. इतरांना तो प्रयोग स्वतंत्रपणे साधला नाही. बुडबुड्यात जे सिद्ध झालंय तेच इतकं विलक्षण आहे की अशा दाव्याची भर घालायची गरज नाही, असं माझं प्रामाणिक मत.

नवखा_वाचक

बादलीत टाकायची छोटी 'अल्ट्रासॉनिक कपडे धुण्याची' चकती मिळते, यूएसबीवर चालणारी. ती खरंच काम करते का? आणि चष्मा, दागिने टाकीत टाकले तर चालतात?

नादबिंदू

चकतीबद्दल : वर दिलेला एक तृतीयांश वॉट आठवा. तो दर चौरस सेंटीमीटरला लागतो, आणि सफाईसाठी उंबरठ्याच्या बऱ्याच वर जावं लागतं. साध्या यूएसबीतून मिळतात २.५ वॉट. बादलीभर पाण्यात, तेही मऊ, हवा धरून ठेवणाऱ्या कापडात. कापड आवाज शोषतं, त्यावर पिचकारीचा नेम बसत नाही. पाण्याची हालचाल आणि साबण जे करतील तेवढंच. टाकीचं यंत्र लिटरमागे दहा-वीस किंवा जास्त वॉट खातं.

चष्म्याची नुसती काच चालते. वरचा परावर्तनरोधक थर जुना, कडेने सुटू लागलेला असेल तर तो सोलून निघतो. माझ्या स्वतःच्या चष्म्याचा निघाला, तीन मिनिटांत. दागिन्यांत सोनं आणि हिरा बहुधा ठीक, पण खडा सैल असेल तर तो निखळून टाकीत सापडेल. मोती, ओपल, पिरोजा, पाचू चुकूनही नको. पाचूच्या भेगा तेलाने भरलेल्या असतात, ते तेल निघून जातं आणि भेगा उघड्या पडतात.

आणि दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पेट्रोल, थिनर, अल्कोहोल थेट टाकीत कधीही ओतू नका. यंत्र गरम होतं, वाफ पेटते. चालू टाकीत बोटं घालू नका. आत टोचल्यासारखं, हाडापर्यंत पोचणारं दुखतं. जी पिचकारी फॉइल फोडते ती बोट ओळखत नाही.

रसायनी

ह्युमिडिफायरबद्दल कोणी विचारण्याआधीच : त्यात चकती साधारण १.७ मेगाहर्ट्झला थरथरते. धुकं तयार होतं ते मुख्यतः पृष्ठभागावरच्या बारीक तरंगांचे शेंडे तुटून, थेंब काही मायक्रॉनचे. पाण्यातले क्षारही त्या थेंबांबरोबर उडतात आणि सामानावर पांढरी भुकटी बसते. डिस्टिल्ड पाणी वापरा.

लेथवाला

नादबिंदू, केलं सगळं. हीटर ५५ वर, पंधरा मिनिटं नुसती चालवली, नवी जाळी लावली. तुम्ही म्हणालात ती तडतड खरंच ऐकू आली, इतकी वर्षं कधी लक्षच दिलं नव्हतं. उजवीकडचे भाग आठ मिनिटांत साफ. डावीकडचे मात्र जैसे थे.

फॉइल केल्या. उजवी आणि मधली चाळणीसारखी, आडव्या पट्ट्यांत, दोन पट्ट्यांतलं अंतर मोजलं तर १८-१९ मिलिमीटर. तुमचा आकडा! डावी फॉइल मात्र कोरी. एक भोक नाही.

नादबिंदू

झकास निदान झालं. डाव्या बाजूचा ट्रान्सड्यूसर बंद आहे किंवा तळापासून सुटलाय. तो पत्र्याला इपॉक्सीने चिकटवलेला असतो. कधी पाणी नसताना टाकी चालली होती का? पाणी वरची ऊर्जा ओढून नेतं. ते नसलं की सगळी उष्णता त्या जोडातच राहते आणि इपॉक्सी सोडते.

उघडणार असाल तर प्लग काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या. या स्फटिकांना शेकडो व्होल्ट दिलेले असतात आणि ते भार धरून ठेवतात. गरम-थंड झाले तरी स्वतः भार तयार करतात. मोठ्या रोधातून तारा जोडून आधी उतरवा, मगच हात लावा.

लेथवाला

एकदा रात्री पाणी काढून ठेवलं होतं आणि सकाळी दुसऱ्याने बटण दाबलं. दहा-पंधरा मिनिटं कोणाच्या लक्षात आलं नाही. तिथेच झालं असणार.

रविवारी उघडली. भार आधी उतरवला. सहा ट्रान्सड्यूसर, डावीकडचे दोन बोटाने हलले. एक तर तारेवरच लोंबत होता, खाली पिवळी पडलेली इपॉक्सी. दोन्ही पृष्ठभाग खरवडून कोरडे केले, धातूसाठीची उष्णता सोसणारी इपॉक्सी लावली, वर वजन ठेवून पूर्ण दोन दिवस सुकू दिलं.

आज पाणी भरून पंधरा मिनिटं नुसती चालवली आणि डावीकडे फॉइल धरली. उजेडाकडे धरल्यावर पहिला पट्टा तळापासून जरा वर दिसला, मग दुसरा, मग तिसरा. मधल्या फॉइलपेक्षा भोकं अजून थोडी विरळ आहेत. खोबणीतलं काळं नऊ मिनिटांत गेलं.

नादबिंदू

विरळ असतील तर पाण्याची पातळी थोडी वरखाली करून पुन्हा फॉइल धरा. पृष्ठभाग पाच-दहा मिलिमीटर सरकला तरी पट्टे सरकतात. सगळ्यात दाट भोकं ज्या पातळीला येतील तिथे टाकीच्या आतून कायमची खूण करून ठेवा.